मागची बाजू आधी

सराफ बाजारात मला कुणी चांदीचं पेंडंट दाखवलं की मी आधी ते उलटं करते. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, डिझाइन या बाजूला आहे." मी म्हणते, "माहितीये रे बाबा, दिसतंय मला." आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवते, कडेकडेनं. बहुतेक वेळा खरखर लागते, नाहीतर आत नुसता खड्डा असतो, आणि मी ते परत ठेवते. माझी लेक शेजारी उभी राहून लाजेनं अर्धी होते. "आई, घ्यायचं नव्हतं तर आलोच कशाला?" तिला काय सांगू? ही खोड माझी नाही, मला लावलेली आहे. लावणारी बाई अंबडला स्विच बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होती आणि तिच्या घरात आम्ही नऊ वर्षं भाड्यानं राहिलो.

तिचं नाव मी सांगणार नाही. आमच्या कॉलनीतही तिला कुणी नावानं हाक मारत नसे, सगळे "चांदीवाल्या बाई" म्हणत. मी नुसतं "बाई" म्हणायचे. नाव मला ठाऊक होतं, कारण ऑफिसला जाताना तिचं लाइटबिल मीच भरायचे. जुनं, खेड्यातलं नाव. मी ते दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही. न सांगण्याला कारण आहे, ते पुढे कळेलच.

नव्वदीची मधली वर्षं होती. त्रिमूर्ती चौकातून आत वळलं की ओळीनं बैठी घरं होती, त्यातलं एक बाईंचं. पुढच्या दोन खोल्यांत त्या, मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझा नवरा. बाई तेव्हा पस्तिशीच्या आतल्याच. उंच, सडपातळ, हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक डाग. एकटी बाई आणि स्वतःचं घर म्हटल्यावर लोकांच्या जिभेला हाड राहतं का? नवीन शेजारीण आली की पहिल्या आठवड्यात विचारायचीच, "मिस्टर कुठं असतात?"

"नाहीत."

"वारले?"

"नाहीत म्हटलं ना."

आणि शेजारीण तोंड एवढंसं करून घरी जायची. माझंही तेच झालं होतं, फक्त मी परत विचारलं होतं. मी पडले वकिलाकडची टायपिस्ट. दिवसभर घटस्फोट, पोटगी, वहिवाट टाइप करायची. मला वाटायचं, जगात कुठलीही गोष्ट अशी नाही की जिच्यावर एक नोटीस धाडता येत नाही. "बाई, काही अन्याय झाला असेल तर सांगा, आमच्या साहेबांना सांगून एक नोटीस देऊ." बाईंनी मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "चहात साखर किती घेतेस?" विषय संपला.

कंपनीत बाईंचं काम चांदीचंच होतं. स्विच चालू-बंद होताना जिथं धातूला धातू भिडतो तिथं मसुराएवढा चांदीचा तुकडा लावलेला असतो. तो तांब्याच्या पट्टीवर डाख देऊन, म्हणजे मधे लवकर वितळणारा धातू घालून, बसवायचा, दिवसभर, शेकड्यांनी. तिथंच त्यांचा हात बसला. मग त्यांनी पगारातून थोडी थोडी चांदी घेऊन घरी पेंडंट करायला सुरुवात केली. कंपनीत चांदी आणि घरीही चांदी, म्हणजे लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलंच. बाईंनी त्यावर कुणाशी वाद घातला नाही. फक्त रोज सुट्टी झाली की गेटवर उभं राहून, वॉचमननं काही म्हणायच्या आत, पदर झटकून दाखवायच्या, डबा उघडून उलटा करायच्या आणि शेवटी अंबाडा सोडायच्या. अंबाड्यातही लपवता येतं म्हणून! वॉचमन बिचारा म्हातारा माणूस. "जा ना बाई, कशाला लाजवता," म्हणायचा. पण बाईंचा एक दिवस चुकला नाही. माझा नवरा शेजारच्याच कंपनीत होता, त्यानं कितीदा पाहिलंय. पावणेचारला सगळ्या बायका गेटातून पळतायत बसकडे, आणि ही एक बाई मोकळ्या केसांनी उभी. "माझ्याबद्दल दुसऱ्यानं सांगितलेलं मला चालत नाही," एवढंच त्या मला म्हणाल्या होत्या.

घरी स्वयंपाकाच्या ओट्याचे दोन भाग होते. उजवीकडे गॅस, डावीकडे छोटी ऐरण, पत्रा चिकटवून ठोकायला राळेची ताटली, कानशी, रॉकेलचा दिवा आणि पितळेची वाकडी फुंकणी. दिव्याच्या ज्योतीतून गाल फुगवून फुंकर मारायच्या, तर ज्योत सुईसारखी होऊन नेमक्या सांध्यावर जायची. चांदी लाल व्हायची, डाख पाण्यासारखी पळायची, आणि त्या क्षणाला फुंकर बंद. अर्धा श्वास जास्त झाला तर सगळं वितळून गोळा. मी दारात उभी राहून श्वास धरायचे, जसं काही माझ्याच श्वासानं बिघडणार होतं. मग ते काळवंडलेलं पेंडंट तुरटीच्या पाण्यात उकळायचं, रिठ्यानं घासायचं, आणि आतून असा पांढरा उजेड यायचा की मी दर वेळी "अगंबाई!" म्हणायचे. दर वेळी. बाई म्हणायच्या, "काल पण हेच म्हणालीस."

पण खरा हट्ट होता तो मागच्या बाजूचा. सगळी दुनिया पेंडंटची पुढची बाजू करते. नक्षी उठवायला पत्रा मागून ठोकतात, मागे खड्डा राहतो, तो तसाच सोडून देतात. बाई मागचा पत्रा वेगळा कापायच्या आणि तो आधी करायच्या. कडा मोडायच्या, कानस, मग वाळूकागद, मग राख, मग नुसता अंगठा. पुढची नक्षी झाली की हा पत्रा मागून लावून टाकायच्या. मधे सुईएवढं भोक, आतल्या हवेला बाहेर पडायला. एकदा ते भोक राहिलं तर पेंडंट तापल्यावर फटाक्यासारखं उडालं आणि आमच्या दोन स्वयंपाकघरांमधल्या खिडकीतून थेट माझ्या वरणात. बाई वाटी घेऊन आल्या, पळीनं शोधून काढलं, आणि वरणाची चव घेऊन म्हणाल्या, "हिंग कमी आहे."

मी म्हटलं, "मागची बाजू कोण बघतंय हो? एवढी मरमर कशाला?"

"पुढची बाजू लोकांची. जिनं घातलंय तिला ती दिसत पण नाही. तिला लागते ती मागची. दिवसरात्र कातडीला लागून असते."

आणि नुसतं बोलून थांबणारी ही बाई नव्हे. प्रत्येक नवं पेंडंट त्या एक पूर्ण दिवस स्वतःच्या गळ्यात घालायच्या. कंपनीला सुट्टी शनिवारची. शनिवारी सकाळी दोऱ्यात ओवून पोलक्याच्या आत, थेट अंगाला. मग धुणं, झाडलोट, पाणी भरणं, दुपारी पालथं झोपणं सुद्धा. संध्याकाळी काढून आरशात गळा बघायच्या. एवढीशी लाली दिसली की परत कानशीखाली. आमच्या कॉलनीत, पंचवटीत, पार कळवणकडच्या खेड्यांत ज्या ज्या बाईच्या गळ्यात त्यांचं काम होतं, ते आधी एक शनिवार बाईंच्या गळ्यात राहून गेलं होतं. बायकांना हे माहीतही नव्हतं.

गिऱ्हाइकाशी वागणं म्हणाल तर देवच तारो. आधी गिऱ्हाइकानं स्वयंपाकघरात पाटावर बसायचं, चहा घ्यायचा, अर्धा तास काहीही बोलायचं. बाई ऐकायच्या कमी आणि गळा बघायच्या जास्त. कॉलेज रोडच्या एक बाई गाडीतून आल्या, म्हणाल्या, "मैत्रिणींना द्यायचीत, अगदी सेम टु सेम पाच करा." बाई म्हणाल्या, "सारख्या वस्तू मी कंपनीत करते. घरी नाही." त्या बाईंना चहा पुरा करून जायला लावलं, पण पेंडंट काही दिलं नाही. आणि मी? मी सख्खी भाडेकरू, मला आठ महिने थांबवलं. शेवटी हातावर एक गोल ठेवला, टाइपरायटरच्या बटणाएवढा, कडेला तसाच गोट, आणि वर काही म्हणजे काही नाही. "अहो, यावर निदान एक अक्षर?"

"दिवसभर अक्षरंच बडवतेस. गळ्यात तरी कोरं असू दे."

ते अजून माझ्या गळ्यात आहे.

खाण्याचा मात्र आनंद. वरणभात, नाहीतर ब्रेड. घरात तवाच नव्हता! मी भाकरी केली की एखादी नेऊन द्यायचे. निमूट खायच्या, शेवटच्या कणापर्यंत, पण चांगली म्हणायच्या नाहीत आणि वाईटही नाही. "तुम्ही का नाही करत?" विचारलं तर म्हणायच्या, "भाकरी मला येत नाही." मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, चांदी नाचवते बोटांवर, पण भाकरी येत नाही बघा. माझ्या मनात त्यांच्यापेक्षा वरचढ अशी माझी तेवढी एकच गोष्ट होती.

आता ती बाई.

पंचवटीच्या भाजीबाजारात कळवणकडची एक मेथीवाली बसायची, तिच्या गळ्यात बाईंचं पेंडंट होतं. तिच्याकडून पत्ता घेऊन तिच्या भागातल्या बायका यायच्या. एका शनिवारी, तेव्हा मलाही शनिवारची सुट्टी असायची, अशीच एक आली. तिशीची असेल. अंगावर स्वच्छ पण विटलेलं लुगडं, एक हात सारखा पोटावर. चौथा महिना होता तिला. ती पाटावर बसली आणि बाईंनी विचारलं, "तुनं गाव कोनतं शे, माय?"

मी चमकलेच. इतकी वर्षं बाई माझ्याशी शहरी बोलायच्या, अहिराणी त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. तिलाही बरं वाटलं, ती सैल झाली. पुढचं मी मला जमेल तसं सांगते, मला अहिराणी निम्मीच कळते.

तिनं गाव सांगितलं. बाईंनी चहात साखर घातली.

तिला टाक हवा होता, सवतीचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पहिली बायको मेली आणि माणसानं दुसरं लग्न केलं, तर दुसरीनं पहिलीची प्रतिमा चांदीच्या लहानशा पत्र्यावर करून गळ्यात घालायची. सणासुदीला तिला हळदकुंकू वाहायचं, आधी तिला नैवेद्य, मग आपण जेवायचं. म्हणजे मेलेली शांत राहते, त्रास देत नाही. तिनं पोलक्यातून आपला जुना टाक काढला. बाजारातला, साच्यातून ठोकलेला पातळ पत्रा. बटबटीत डोळ्यांचं एक बाहुलं, मधून चिरलेलं.

"बारा वर्षं झाली घालते, बाई. लय तरास देती ओ ती. हे बघा." तिनं पदर सरकवला. गळ्याच्या खळगीखाली एक जखम होती, जुनी, बरी होऊन परत चिघळलेली. "टोचती मला. रातंदिस टोचती. दोन लेकरं पोटातच गेली माझी. भगत म्हणतो, थोरली राहू देत नाय. आता हे तिसरं. सासू मरताना म्हणली, टाक चिरलाय, म्हणून ती चिडलीय, नवा करून घे. बाई, माझं हे लेकरू राहिलं पाहिजे. तुमी म्हणाल ते करते."

ती रडत नव्हती. तिचा तो हात पोटावरून हलत नव्हता, एवढंच.

बाईंनी टाक उलटा केला. मागून उघडा, कडा ब्लेडसारख्या. त्यांनी अंगठा फिरवला तर अंगठ्याला रक्ताची रेघ आली.

"नाव काय तिचं?" बाईंनी विचारलं. टाक करायचा तर हे त्या विचारायच्याच.

तिनं नाव सांगितलं.

लाइटबिलावरचं नाव.

मी बाईंकडे बघितलं. त्या रक्ताचा अंगठा पदराला पुसत होत्या, सावकाश, नीट.

"कशानं गेली?"

"विहिरीत. भरली घागर काठावर ठेवून उडी घेतली म्हणत्यात."

"काढली का?"

"काय की. गाळ लय होता म्हणत्यात. मी कुठं होते तवा?"

मी उठले. माझ्या जिभेवर आलं होतं, अगदी दातांपर्यंत आलं होतं. बाईंनी मान वर न करता माझ्या पायावर आपला पाय ठेवला आणि दाबला. असा दाबला की दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं होतं. मी बसले.

"मी चेहऱ्याचा फोटो बघून करत नाही," बाई तिला म्हणाल्या. "जिचा टाक करायचा तिच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगावी लागते. ऐकलेली असली तरी चालेल."

ती विचारात पडली. बाहेर पाण्याचा नळ गेला, कुणाची तरी बादली वाजली. मला वाटलं, आता ही म्हणणार, चांगलं काही नव्हतंच. मग ती म्हणाली, "सासू म्हणायची, हिच्या हातच्या भाकरीला जसा पापुद्रा सुटायचा ना, तसा तुला जल्मात सुटायचा नाय. मला रोज टोचून बोलायची त्याच्यावरनं."

बाईंच्या हातातली पक्कड ऐरणीवर पडली. चांदीच्या कामात नऊ वर्षांत मी त्यांच्या हातून काही पडलेलं पाहिलं ते एवढंच.

"पुढच्या महिन्यात ये," त्या म्हणाल्या. "तोवर हा जुना घालू नको. माझ्याकडे ठेव. ती काही करणार नाही, मी सांगते."

"तुमी बी तिकडल्याच का?"

"लांबची. फार लांबची."

ती गेली आणि मी फुटले. "अहो बाई! तुम्ही जिवंत आहात!"

"माहितीये मला."

"मग बोलला का नाहीत? तुम्ही कायद्यानं बायको आहात त्या माणसाची! जेलात जाईल तो! एक नोटीस..."

"घागर भरून काठावर ठेवली होती मी," बाई म्हणाल्या. मला नाही, त्या जुन्या टाकाला सांगत असाव्यात. "भरलेली घागर रस्त्यानं कशी न्यायची? ठेवली आणि चालत फाट्यावर गेले. पाठीवर वळ होते, एसटीत टेकून बसता येईना. भावाला पोस्टकार्ड टाकलं होतं, सुखरूप आहे म्हणून. त्यानं कुणाला दाखवलं नसणार. म्हणजे इतकी वर्षं मी मेलेली आहे होय! मला कुणी कळवलंच नाही."

आणि हसल्या. खरंच हसल्या. "बारा वर्षं कुणीतरी मला नैवेद्य दाखवतंय, आणि मी इथं ब्रेड खातेय."

मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, "तिच्यासाठी तरी सांगा. तुम्ही जिवंत म्हटल्यावर भूत कुठलं? तिची भीती तर जाईल?"

"भीती जाईल. आणि तिचं लग्न?" आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू रोज टाइप करतेस ना असले कागद? सांग मला. पहिली जिवंत असताना दुसरीशी केलेल्या लग्नाला काय म्हणतात तुमच्यात? गावात उद्या तिला काय म्हणतील? चौथा महिना आहे तिला."

मला उत्तर माहीत होतं. शंभरदा टाइप केलं होतं. रद्दबातल, हाच तो शब्द.

"मग नाही म्हणून तरी सांगायचं होतं," मी शेवटी म्हटलं. "स्वतःचाच टाक स्वतः करणार? असं कुणी करतं का?"

"दुसऱ्याकडून घेतला तर परत पातळ पत्रा. परत कडा." त्यांनी जुना टाक माझ्यासमोर धरला. "अगं, बारा वर्षं ही पोरगी समजतेय की मी तिला टोचतेय."

महिनाभर त्या खिडकीतून मी रोज बघत होते. आधी मागची बाजू. नेहमी एक दिवस लागायचा तिला, यावेळी आठ दिवस गेले. कंपनीतून आल्या की चहा आणि मग अंगठा. राख आणि अंगठा. त्या पत्र्यात शेवटी दिव्याची ज्योत सरळ दिसायला लागली, न हलता. मग पुढची बाजू. मला वाटलं होतं, रागानं काहीतरी करतील, निदान डोळे मोठे. पण साधी उभी बाई केली, पदर डोक्यावरून, चेहरा जेमतेम. फक्त टाकावरच्या बायकांचे पाय नेहमी समोर असतात, हिचे दोन्ही पाय एका बाजूला वळलेले, पहिलं पाऊल उचललेलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "निघालेली आहे. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की ही परत यायची नाही."

आणि मग शनिवार आला.

मला आठवण राहिली नव्हती. सकाळी त्या धुणं वाळत घालत होत्या, हात वर केला आणि पोलक्याच्या गळ्यातून दोरा दिसला. जिवंत बाईनं आपला मेल्याचा टाक गळ्यात घालायचा! मी धावत गेले, "बाई, काढा ते, अशुभ असतं ते, माझं ऐका!" एरवी कायदा कायदा करणारी मी, पण त्या क्षणी मला देव, भुतं, सगळं आठवलं.

"अजून दुपारचं झोपणं व्हायचंय," त्या म्हणाल्या आणि चादर पिळली.

त्यांनी झाडलोट केली. पाणी भरलं. दुपारी पालथ्या झोपल्या, मी खिडकीतून बघितलं, गाढ झोपल्या होत्या. मी मात्र दिवसभर एका जागी बसले नाही. संध्याकाळी टाक काढून आरशात गळा बघितला, मला बोलावून दाखवला. "लाल आहे का कुठं?" कुठंही नव्हता. मी आजवर कितीतरी देवळांत हात जोडलेत, पण कुणापुढे माझी अशी वाचा बसली नाही जशी त्या संध्याकाळी त्या बाईच्या मोकळ्या गळ्यापुढे बसली. मला पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर म्हणाल्या असत्या, हिंग कमी आहे. म्हणून पडले नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

पुढच्या शनिवारी ती आली. पोट आता चांगलं दिसत होतं. गळ्याची जखम भरली होती, नुसता गुलाबी डाग राहिला होता. "बाई, महिनाभर टोचली नाय ओ ती!" दारातूनच सांगत आली.

बाईंनी टाक तिच्या तळव्यावर ठेवला, पालथा. "आधी ही बाजू बघ. टोचतंय का?"

तिनं अंगठा फिरवला. मग गालाला लावून बघितला. "नाय. लय गुळगुळीत हे." मग सुलटा केला आणि त्या निघालेल्या बाईकडे बघत राहिली. हळदकुंकवाची पुडी तिनं बरोबरच आणली होती. पाटावर टाक ठेवून तिनं बोट टेकवलं, आधी हळद, मग कुंकू. बाई समोर दीड हातावर बसलेल्या. तिनं कपाळ जमिनीला टेकवलं, पोटामुळे नीट वाकता येत नव्हतं, तरी टेकवलं, आणि म्हणाली, "माय, माझं काय चुकलं असंल तर पदरात घे. तुझी जागा मी मागून घेतली नाय, मला दिली. आता तरी सोड मला."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"सोडील ती," बाईंचा आवाज आला. नेहमीचाच, सपाट. "सोडलंच समज. आणि तुझं लेकरू नीट होईल. तिला राग नाही तुझा."

"तुमाला काय ठावं?"

"महिनाभर हातात होती माझ्या. कळतं."

तिला ते पटलं. मान डोलावली. बाईंनी उठून तिच्या मागे जाऊन दोऱ्याची गाठ मारली, गाठ मागे टोचू नये म्हणून तिची टोकं दुमडून आत घातली, आणि तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. तिला चौकापर्यंत सोडून रिक्षात बसवून दिली.

परत आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या. "तुझा तवा दे जरा. आणि परात. बाजरीचं पीठ असलं तर ते पण."

मी काढून दिलं. त्यांनी ओट्याच्या उजव्या बाजूला परात ठेवली, पाणी घेतलं, पीठ तळव्यानं मळत राहिल्या. ओळखीच्या कामासारखे हात चालत होते. गोळा घेतला, थापला. भाकरी परातीत आपसूक फिरत मोठी होत होती, चंद्रासारखी गोल, कड कुठं म्हणून फाटली नाही. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग तवा काढून थेट ज्योतीवर धरली. ती टम्म फुगली. मी दारात उभी. इतकी वर्षं मी हिला माझ्या जाड्या भाकऱ्या नेऊन देत होते, आणि कौतुकानं सांगत होते सगळ्यांना!

बाईंनी फुगलेल्या भाकरीला नखानं चीर दिली. पापुद्रा अख्खाच्या अख्खा सुटला, पातळ, आरपार दिसेल असा. त्यांनी तो दोन बोटांत उचलून खिडकीच्या उजेडात धरला, जसा त्या तयार झालेला पत्रा धरायच्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पुसले नाहीत.

"म्हातारी खोटं बोलत नव्हती," त्या म्हणाल्या, आणि अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिली.